कालची लढाई आणि आजचा शिपाई

माझा एक पुतण्या अग्निवीर आहे. चुलतभावाचा मुलगा, गाव सातारा जिल्ह्यातले, वय वर्षे एकवीस. प्रशिक्षण संपवून तो पहिल्यांदा रजेवर आला, त्याच सुमारास आम्हीही उन्हाळ्याच्या सुट्टीत अबूधाबीहून गावी गेलो होतो. संध्याकाळी ओसरीवर घरची सगळी मंडळी जमली आणि नव्या फौजीची तोंडी परीक्षा सुरू झाली. त्याची रेजिमेंट कोणती ते इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका रेजिमेंटचा नाही.

पोरगा हुशार निघाला. सिंहगड कधी घेतला, ४ फेब्रुवारी १६७०. पहिल्या महायुद्धात आपले लोक कुठे होते, मेसोपोटेमियात. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस कोणाला मिळाला, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. सगळे धडाधड सांगितले. मग मी विचारले, ‘‘आणि एकाहत्तरला?’’

‘‘१६ डिसेंबर, विजय दिवस. त्र्याण्णव हजारांनी शरणागती पत्करली.’’

‘‘ते झालं. पण आपले लोक कुठं लढले? कोणाशी?’’

तो थोडा घुटमळला. मग हसून म्हणाला, ‘‘काका, पहाटे पाचला पी. टी., मग ड्रिल, मग फायरिंग. दुपारच्या लेक्चरला डोक्यावर पंखा फिरायला लागला की डोळा लागायचाच. सांगितलं असणार, पण मी झोपेत ऐकलं.’’

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण तो ज्या भिंतीला टेकून बसला होता, तिच्यावरच त्याच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, हार घातलेला फोटो होता. ते १९७१ साली पूर्व आघाडीवर होते. आणि पुतण्याला हसायचा मला तरी काय अधिकार? या काकांच्या सहवासात मी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या काढल्या. ते नेमके कुठे लढले हे मलाही माहीत नाही. त्यांच्या तोंडून त्या लढाईबद्दल एकच वाक्य मी ऐकले आहे : ‘‘तिकडं पाणी फार.’’ त्यापुढे मी कधी विचारले नाही. ते गेल्यावर माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी ठेवलेल्या पत्रांची वाळवीने माती केली होती.

तरुण सैनिकाला तीनशे वर्षांपूर्वीची लढाई पाठ असते आणि आजोबांची लढाई ठाऊक नसते, हे का होते? परतल्यावर हा प्रश्न डोक्यातून जाईना. माझी डॉक्टरेट यंत्रांचे भाग का आणि कधी निकामी होतात या विषयातली. पुढे पोटापाण्यासाठी संगणकाच्या क्षेत्रात आलो. त्यामुळे एखादी गोष्ट ‘निकामी’ झाली की तिची कारणे शोधण्याची खोड आहे. त्या शोधाचे हे टिपण.

एक महिना, चार गोष्टी

सुरुवात आपल्याच गावापासून, म्हणजे अमिरातीपासून करू. आमच्या कार्यालयात दुपारच्या जेवणाला एका मेजावर आम्ही चौघे बसतो. मी, रावळपिंडीकडचा एक सहकारी, सिल्हेटचा एक बांगलादेशी आणि नुकताच लागलेला एक अमिराती इंजिनिअर. अशी पंगत जगात फार थोड्या ठिकाणी बसत असेल. मी त्यांना पुतण्याची गोष्ट सांगितली आणि विचारले, ‘‘डिसेंबर १९७१ म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं?’’

बांगलादेशी सहकाऱ्याला १६ डिसेंबरचा ‘बिजॉय दिबस’ आठवला. त्याच्या देशाचा तो विजय दिन. त्याच्या दृष्टीने युद्ध डिसेंबरात सुरू झालेलेच नव्हते, ते मार्चपासून चालू होते. भारतीय फौज शेवटच्या दोन आठवड्यांत आली. पाकिस्तानी सहकारी क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘आमच्याकडे त्याला ढाक्याचं पतन म्हणतात. शाळेत ते एका पानात संपतं.’’ मला आमचे तेरा दिवसांचे युद्ध आठवले, ३ ते १६ डिसेंबर. आणि अमिराती मुलगा म्हणाला, ‘‘२ डिसेंबरला आमचा देश जन्मला. त्याच्या दोन दिवस आधी सालेम सुहैल गेला.’’

चौघांच्या चार गोष्टी, आणि चारही खऱ्या. पण तपशील विचारला तर सर्वांत नीट उत्तर सर्वांत तरुण असलेल्या त्या अमिराती मुलाने दिले. सालेम सुहैल बिन खमीस हा रास अल खैमाच्या पोलीस दलातला तरुण शिपाई. ग्रेटर तुंब नावाच्या लहानशा बेटावर तो आणि त्याचे पाच साथीदार पहाऱ्याला होते. ब्रिटिशांचे संरक्षण संपण्याच्या आदल्या दिवशी, ३० नोव्हेंबर १९७१ रोजी, इराणचे सैन्य बेटावर उतरले. झेंडा उतरवायला त्याने नकार दिला आणि तो मारला गेला. त्या दिवशी अमिराती हा देश अस्तित्वातच नव्हता. तो दोन दिवसांनी झाला, आणि रास अल खैमा त्यात सामील झाले ते १० फेब्रुवारी १९७२ रोजी. देशाचा पहिला हुतात्मा देशापेक्षा वयाने मोठा आहे!

त्या मुलाला हे कसे ठाऊक? एक तर शाळेतून, आणि दुसरे म्हणजे तो राष्ट्रीय सेवा करून आलेला आहे. २०१४ च्या कायद्याने अमिराती तरुणांना लष्करी सेवा सक्तीची झाली. सुरुवातीला बारावी झालेल्यांना ती नऊ महिन्यांची होती. पुढे मुदत वाढत गेली. कवायत आणि शस्त्रांबरोबर देशाच्या इतिहासाची व्याख्यानेही या सेवेत असतात.

पण केवळ व्याख्यानांनी हे साधले नसते. दुपारची व्याख्याने कुठलीही असोत, पंखा सगळीकडे सारखाच फिरतो. इथे ती गोष्ट दिनदर्शिकेत आणि दगडाधातूत आणून ठेवली आहे. २०१५ साली ३० नोव्हेंबर हा स्मृतिदिन जाहीर झाला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला येमेनमधल्या मारिब प्रांतात एका क्षेपणास्त्राच्या माऱ्यात ४५ अमिराती सैनिक एकाच दिवशी मारले गेले. इतक्या लहान लोकसंख्येच्या देशाला हा घाव केवढा असेल, हे आपल्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना आठवत असेल. रस्त्यांवर झेंडे अर्ध्यावर आले होते. पुढच्या वर्षी, २०१६ च्या ३० नोव्हेंबरला, अबूधाबीत शेख झायेद मशिदीसमोर ‘वाहत अल करामा’ हे स्मारक खुले झाले. एकमेकांना टेकून उभे असलेले ३१ प्रचंड धातूचे फलक. एक काढला तर दुसरा पडेल, असा भास होतो. शेजारच्या दालनात हुतात्म्यांची नावे आहेत. आपली मुले इथल्या भारतीय शाळांत शिकतात, पण स्मृतिदिनाचे मौन त्यांनाही ठाऊक असते. सकाळी आठला झेंडा अर्ध्यावर उतरतो, साडेअकराला एक मिनिट शांतता, आणि मग झेंडा पुन्हा वर.

तरीही त्या मुलाने प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली. सालेम सुहैल त्याला ठाऊक आहे. पण शारजात १९५१ साली ब्रिटिशांनी उभी केलेली लहानशी तुकडी, तीच पुढची ‘ट्रुशियल ओमान स्काउट्स’, डिसेंबर १९७१ मध्ये नव्या देशाच्या हाती कशी आली आणि वेगवेगळ्या अमिरातींची सैन्ये ६ मे १९७६ रोजी एका झेंड्याखाली कशी आणली गेली, हे त्याला नीटसे सांगता आले नाही. माणूस लक्षात राहतो, व्यवस्था राहत नाही. बलिदान लक्षात राहते, लढाई राहत नाही. हे सगळ्या देशांचे आहे.

जुनी गोष्ट सोपी का?

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे उदाहरण घ्या. ही रेजिमेंट आपले मूळ १७६८ पर्यंत नेते. तिचे केंद्र बेळगावला आहे. रेजिमेंटचा ‘मराठा दिन’ असतो ४ फेब्रुवारीला, म्हणजे तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या दिवशी. गंमत पाहा, रेजिमेंट उभी राहण्याच्या ९८ वर्षे आधीची ही लढाई. तरीही ती निवडली यात काही चूक नाही. ती गोष्ट पूर्ण झालेली आहे. तिच्यात कोणी जिवंत नाही, कोणाची बढती अडलेली नाही, कोणाचे पेन्शन थांबलेले नाही. आईच्या मांडीवरच ती मुलाला कळलेली असते. रेजिमेंटला फक्त बंदूक हाती द्यायची असते.

महार रेजिमेंटचेही तेच. १९४१ साली बेळगावला ती उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ ही तारीख आपल्याकडे खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. पण याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आले आणि परमवीरचक्र मिळाले, हे किती जणांना सांगता येईल? श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात आपले सुमारे बाराशे जवान गेले. ती मोहीम कशासाठी होती, जिंकलो की हरलो, यावर आजही एकमत नाही. जिथे देशाचेच एकमत नाही, तिथे सुभेदारसाहेबांनी व्याख्यानात काय सांगायचे? मग ते ती मोहीम एका वाक्यात उरकतात आणि कोरेगावकडे वळतात.

जुन्या गोष्टीला दुसरी बाजूही असते, पण काळाने ती बोथट होते. आपण ईदच्या सुट्टीत रास अल खैमाला डोंगर पाहायला जातो. १८१९ च्या डिसेंबरात मुंबईहून आलेल्या ब्रिटिश मोहिमेने ते शहर घेतले. तिच्यात मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या. म्हणजे मुंबईची माणसे आपल्या आधी दोनशे वर्षे या किनाऱ्यावर उतरली होती, फक्त त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता! त्यानंतरच्या ओमानमधल्या लढाईचा ‘बेनी बू अली’ हा रणसन्मान मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यादीत आहे. इंग्रजांनी या मोहिमांना चाच्यांचा बंदोबस्त म्हटले. शारजाचे शासक डॉ. सुलतान अल कासिमी यांनी १९८६ मध्ये पुस्तक लिहून ती चाचेगिरी हीच दंतकथा असल्याचे मांडले. इतका जुना वादसुद्धा अजून मिटलेला नाही. मग पन्नास वर्षांपूर्वीचा कसा मिटावा?

साखळी कुठे तुटते?

आता माझ्या विषयाकडे येतो. सैन्यातला इतिहास बहुतांशी पुस्तकातून जात नाही, तोंडातून कानात जातो. अधिकाऱ्यांना बढतीच्या परीक्षेत लष्करी इतिहास हा विषय असतो. जवानाला तो जुन्या हवालदाराकडून मिळतो, पहाऱ्यावर, चहाच्या मगाबरोबर, लंगरात. ही एक साखळी आहे आणि तिचा हिशेब मांडता येतो.

१९७१ साली वीस वर्षांचा असलेला जवान साधारण १९९० च्या आत निवृत्त झाला. त्याने जाता जाता ज्यांना गोष्ट सांगितली, ते २००५ च्या आसपास घरी गेले. त्यांच्याकडून ऐकणारे २०२० च्या पुढेमागे. म्हणजे आजच्या अग्निवीराच्या कानावर ती गोष्ट येते ती चौथ्या तोंडातून. दर वेळी थोडे गळते, थोडे वाढते. शेवटी ‘त्र्याण्णव हजार’ हा आकडा उरतो, कारण आकडे तोंडपाठ व्हायला सोपे. आणि हा मुलगा २००४-०५ साली जन्मलेला. १९७१ त्याच्या जन्माआधी ३४ वर्षे. मी १९८० चा. माझ्या जन्माआधी ३४ वर्षे म्हणजे १९४६. दुसरे महायुद्ध मला जेवढे दूरचे, तेवढे त्याला एकाहत्तर दूरचे. कारगिलसुद्धा त्याच्या जन्माआधीचे. आपल्याला जे ‘परवाचे’ वाटते ते त्याच्या लेखी पाठ्यपुस्तकातले आहे, हे आपण चाळिशीतले लोक विसरतो.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या साखळीचे एक नवे गणित मांडले आहे. चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर चौथ्या हिश्शापर्यंत जवानांना कायम करणे. योजनेच्या गुणदोषांत मी जात नाही, तो माझा अधिकार नाही. पण संगणकाच्या धंद्यात एक अनुभव रोजचा आहे. माणसे लवकर बदलू लागली की ‘जुन्या माणसाला विचारू’ ही पद्धत बंद पडते. जे लिहून ठेवलेले नाही ते नाहीसे होते. आमच्याकडे एखादी विचित्र ओळ प्रोग्रॅममध्ये दिसते. नवा मुलगा ती निरुपयोगी समजून काढून टाकतो आणि पहाटे तीनला सगळी यंत्रणा कोसळते. ती ओळ दहा वर्षांपूर्वीच्या एका अपघातानंतर घातलेली असते. अपघात सगळे विसरले, म्हणून तो पुन्हा होतो. आमच्याकडे फार तर एखाद्या बँकेचे व्यवहार दोन तास थांबतात. सैन्यात त्याची किंमत माणसांत मोजावी लागते.

कुलुपातला इतिहास

मग लिहून का ठेवत नाहीत? लिहिले जाते. प्रत्येक पलटण युद्धाची दैनंदिनी ठेवते. अडते ते पुढे. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली आणि १९६३ मध्ये अहवाल दिला. साठ वर्षे उलटून गेली, तो आजही सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. १९७१ चा, म्हणजे आपण जिंकलेल्या युद्धाचा, सरकारी इतिहास संरक्षण खात्याच्या इतिहास विभागाने १९९२ साली तयार केला. तो पुस्तक म्हणून वाचकाच्या हाती यायला त्यानंतर वीसहून अधिक वर्षे गेली. शेजारच्या देशातही निराळे नाही. ढाक्याच्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल पाकिस्तानने जवळजवळ तीन दशके दाबून ठेवला. तो २००० साली आधी भारतात छापून आला आणि मगच तिथे खुला झाला. माझ्या पाकिस्तानी सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘आपल्या दोघांच्या फायली एकाच जातीच्या कपाटात आहेत.’’

कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीने युद्धांचे इतिहास लिहिले जावेत असे म्हटले होते. त्याला मूर्त रूप आले जून २०२१ मध्ये. संरक्षण मंत्रालयाच्या नव्या धोरणानुसार युद्ध किंवा मोहीम संपल्यावर दोन वर्षांच्या आत समिती नेमायची. पुढच्या तीन वर्षांत इतिहास लिहून पुरा करायचा. सैन्यदलांनी दैनंदिन्या आणि इतर कागदपत्रे इतिहास विभागाकडे सोपवायची. आणि सामान्यतः पंचवीस वर्षांनी ती खुली करायची. म्हणजे कागदावर तरी साखळीतला एक दुवा पक्का झाला. संवेदनशील भाग रोखून ठेवायची मुभा त्यात आहे, आणि ती असणारच. पण पाच वर्षांत लिहिलेला इतिहास सैन्यातल्या सैन्यात वाचला गेला, तरी पुतण्याच्या नंतर येणाऱ्या मुलांचे मोठे काम होईल.

शिपायाला त्याचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, जवानाला गोळी अचूक मारता आली म्हणजे झाले, त्याला इतिहास कशाला? याचे उत्तर मला मायकेल हॉवर्ड या इंग्रज इतिहासकाराच्या १९६१ च्या एका व्याख्यानात सापडले. हा माणूस नुसता प्राध्यापक नव्हता. इटलीत लढून शौर्यपदक मिळवलेला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : रेजिमेंटच्या इतिहासात कोणी पळत नाही, कोणी चुकत नाही. नव्या सैनिकाच्या मनाला उभारी द्यायला अशी गोष्ट लागते. पण पहिल्या खऱ्या लढाईत गोंधळ, भीती आणि चुका दिसतात, तेव्हा तो चक्रावतो आणि आपल्यातच काही कमी आहे असे समजतो. म्हणून त्याला खरा इतिहासही हवा. तो विस्ताराने वाचावा, म्हणजे काळाबरोबर काय बदलते आणि काय टिकते ते कळते. खोलात वाचावा, म्हणजे एकाच लढाईतला गोंधळ दिसतो. आणि संदर्भासह वाचावा, म्हणजे युद्ध रणांगणाबाहेर का जिंकले वा हरले जाते ते समजते.

हे उदाहरणाने पाहू. जमालपूर. १९७१ च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, तीच आपली ‘जंगी पलटण’, ब्रह्मपुत्रेपलीकडच्या या गावाच्या पाठीमागे जाऊन बसली. गावात होती पाकिस्तानची ३१ बलुच, कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी त्यांना शरण येण्याविषयी पत्र पाठवले. उत्तर आले ते गोळीभोवती गुंडाळून : लेखणी ठेवा, शस्त्र घ्या, अशा अर्थाचे. नंतर १० डिसेंबरच्या रात्री बलुच सैनिकांनी वेढा फोडून टांगाईलच्या वाटेने निघायचा प्रयत्न केला. वाट मराठ्यांनी अडवलेली होती. रात्रभर घनघोर झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडले.

भिंतीवर नुसते ‘जमालपूर’ असे नाव वाचले तर अभिमान वाटतो, बस्स. पण गोष्ट खोलात कळली तर एकवीस वर्षांचा मुलगा बरेच शिकतो. समोरून धडकण्यापेक्षा मागची वाट धरणे मोलाचे. नदी ओलांडायला स्थानिकांची मदत लागते आणि ती त्यांचा विश्वास असेल तरच मिळते. वेढलेला शत्रू हरलेला नसतो, तो रात्री बाहेर पडेल तेव्हा जागे राहावे लागते. आणि समोरचाही शूर असतो. सुलतान अहमदचे ते उत्तर आपल्या बाजूने जपले, सांगितले गेले, हे मला फार मोलाचे वाटते.

हाच न्याय हरलेल्या लढाईला लावायला हवा. पहिल्या महायुद्धात कूट अल अमारा इथे सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनला सुमारे पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या मोहाने रसद मागे टाकून पुढे धावल्याचे ते फळ. सातारा-रत्नागिरीच्या किती घरांतली माणसे त्या कैदेतून परत आली नाहीत! तरी शर्कतचा विजय आपल्या लक्षात आहे आणि कूटची उपासमार नाही. अभियंता म्हणून सांगतो, टिकलेल्या पुलापेक्षा कोसळलेला पूल अधिक शिकवतो. मात्र कोणाचे हात कापायचे याच्या चौकशीत ते शिकता येत नाही, कारण मग सगळेच गप्प बसतात.

आपण काय करू शकतो?

सरकारी कपाटे उघडणे आपल्या हाती नाही. पण साखळीतला एक दुवा आपल्या घरात आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी कुटुंबांची मुळे सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, बेळगाव या पट्ट्यात आहेत. १९७१ ला वीस-बावीस वर्षांचे असलेले लोक आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. श्रीलंकेहून परतलेले साठीच्या घरात. कारगिलचे तर आपल्याच वयाचे. दर उन्हाळ्यात आपण गावी जातो, आंबे खातो, लग्ने उरकतो आणि सोन्याचा भाव विचारतो. त्यातला एक तास या माणसांसाठी काढता येईल.

कसे विचारावे याबद्दल चार गोष्टी अनुभवाने सांगतो, कारण परतायच्या आधी मी गावातल्या एका निवृत्त सुभेदारांकडे जाऊन बसलो होतो. ‘‘किती मारले?’’ असे कधीही विचारू नये. तो प्रश्न सिनेमावाल्यांचा. ‘‘तिकडं जेवायला काय होतं? पायात काय होतं? रात्री झोप कुठं काढली? पत्र किती दिवसांनी यायचं?’’ असे विचारावे. माणूस जेवणावरून आपोआप लढाईकडे येतो. तारखा चुकल्या तर अडवू नये, त्या नंतर ताडून पाहता येतात. सेवेतल्या मुलाला मात्र त्याच्या सध्याच्या ठाण्याबद्दल, हालचालीबद्दल काही विचारू नये आणि ऐकलेले कुठे पसरवू नये. ते त्याच्याच जिवाशी येते. आणि जे ऐकले ते त्याच रात्री लिहून काढावे. आपल्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवू नये. माझा तरी आता राहिलेला नाही.

त्या सुभेदारांकडे मी पुतण्यालाही नेले होते. पहिला अर्धा तास ते दोघे लंगरातल्या चहावरच बोलत होते. तेव्हाचा गोड होता की आताचा, असा काहीतरी वाद. मग पोराने आपणहून विचारले, ‘‘आबा, आमचे आजोबा तुमच्याबरोबर होते का?’’

म्हातारा जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, ‘‘बरोबर नव्हता. आमच्या पुढच्या कंपनीत होता. नदीवर भेटलो एकदा. छातीएवढ्या पाण्यात उभा होता, डोक्यावर पेटी धरून. मला म्हणाला, गावाकडं औंदा पाऊस नाही आणि हितं बघ.’’

मला एकदम ती ओसरी आठवली. ‘‘तिकडं पाणी फार.’’ थोरल्या काकांच्या त्या एका वाक्यात एवढे होते आणि पुढचा प्रश्न विचारायला मी चाळीस वर्षे लावली. सातारच्या दुष्काळी भागातला एक तरुण जन्मात पहिल्यांदा एवढे पाणी पाहत होता. ते पाणी त्याला ओलांडायचे होते, आणि मनात घरच्या विहिरीचा तळ होता.

पुतण्याने हे सगळे वहीत लिहून घेतले. रजा संपवून जाताना ती वही त्याने बॅगेत वरच ठेवली. परवा त्याचा फोन आला होता. लंगरात चार पोरांना त्याने ती गोष्ट सांगितली म्हणे. कोणालाही झोप लागली नाही.